घरबसल्या घोडें विकतांना

एकलहरे व नाशिकरोडच्या पंचक्रोशींत घोडें आतां बहुधा लग्नाच्या वरातीसाठीं किंवा हौसेखातर बाळगलें जातें. गिऱ्हाइकें मोजकीं उरल्यामुळें, जो शेतकरी जनावर बाजारांत न नेतां दारींच विकूं पाहतो, त्याच्या वांट्यास मनस्ताप फार येतो. दलाली वांचते हें खरें. परंतु ३५० किलो वजनाच्या घोड्यास वैरण व चंदी मिळून रोज ७ ते ८ किलो सुकें खाद्य लागतें. “आठवड्यानें येतों” म्हणून गेलेला इसम महिनाभर फिरकला नाहीं, म्हणजे २०० किलोंहून अधिक खाद्य त्याच्या नुसत्या शब्दावर खर्चीं पडतें.

पाहणारे पुष्कळ, घेणारे थोडे. एक जण दोन फेऱ्या मारून घोड्याची तारीफ करितो व निघून जातो. दुसरा भाव ठरल्यानंतर भोंवरे पाहूं लागतो. देवमण असला तर तो एक रुपया वाढवीत नाहीं. पण डोळ्याखालीं आंसूढाळ दिसला कीं किंमत निम्म्यावर आणतो. वस्तुतः भोंवऱ्याचा चालीशीं वा आयुष्याशीं कांहीं संबंध नाहीं; खरी गोम गिऱ्हाइकाच्या मनांत असते. तेव्हां भोंवरे आधीं दाखवावे व मग भाव सांगावा. वयाबद्दल शंका निघाल्यास तोंड उघडून दाखवावें. पुढचे दुधाचे दांत अडीचाव्या वर्षाच्या सुमारास पडूं लागतात व पांचव्या वर्षीं तोंड पुरें होतें.

सर्वांत घातक मागणी म्हणजे “चार दिवस वापरून पाहतों” ही. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या २४ व्या कलमान्वयें, पसंतीवर नेलेला माल नापसंती न कळवितां ठरल्या मुदतीपलीकडे ठेविला, तर मालकी नेणाराकडे जाते. मुदतच ठरली नसेल तर ‘वाजवी काळ’ किती, हा वाद माजतो. शिवाय मालकी बदलेपर्यंत जोखीम सामान्यतः विकणाराचीच असते. परक्या तबेल्यांत ग्लँडर्सची लागण झाली तर तो रोग माणसासही होऊं शकतो. याकरितां मुदत, विसार व दुखापतीची जबाबदारी हीं दोन साक्षीदारांसमक्ष कागदावर घ्यावीं. जनावर परत आल्यास पशुवैद्याकडून तपासून मगच इतर जनावरांत बांधावें.

इतकें करूनही महिन्याभरांत सौदा न जमल्यास हट्ट सोडावा. येवल्याचा मंगळवारचा घोडेबाजार आपल्याच जिल्ह्यांत आहे, आणि दत्तजयंतीस तापीकांठीं सारंगखेड्याची यात्रा भरते. तेथें एकानें नाकारलेला भोंवरा दुसरा पाहतही नाहीं, आणि आपल्या जनावराची खरी किंमत एका दिवसांत कळते. दारीं आलेल्या गिऱ्हाइकाचा मान जरूर राखावा. विसार हातीं पडल्यावांचून मात्र दावें सोडूं नये.