राज्याची चिन्हं, कोल्हापुरी तडका!

पॅराग्वेचा राष्ट्रध्वज उलटा करून बघितला की चित्रच बदलतं, माहीत आहे का? एका बाजूला तारा, दुसरीकडे सिंह! राष्ट्रध्वजांच्या दुनियेत असा डबल रोल करणारा हा एकटाच पठ्ठ्या.

अर्जेंटिनाचं राष्ट्रीय फूल सेइबो. नाव परकं, पण खानदान ओळखीचं. आपल्या लालभडक पांगाऱ्याचं ते चुलत भावंड!

पण भावा, गंमत बघायला साउथ अमेरिकेचं तिकीट कशाला? आपल्या महाराष्ट्राचीच चिन्हं बघ की. नाद खुळा!

हिरवा, पण पिवळे मोजे!
राज्यपक्षी हरियाल. हे हिरवं कबूतर वडा-उंबराच्या पानांत असं मिसळतं, की झाडाखाली उभं राहूनही दिसत नाही. पाय मात्र चक्क पिवळे. हळद लागलेला नवरदेवच!

तीन फुटी खार
राज्यप्राणी शेकरू. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत सुमारे तीन फूट! एका उडीत वीस फूट पार. भीमाशंकर त्याचं फेमस घर, पण राधानगरीच्या जंगलातही साहेब भेटतात.

गवा आमचा, मान गोव्याचा!
राधानगरी-दाजीपूर म्हणजे गव्यांचं राज्य. 1958 सालचं हे अभयारण्य गव्यांसाठीच राखलं. पण राज्यप्राण्याचा टिळा गव्याला कुणी लावला? गोव्यानं! एका काना-मात्रेचा काय तो फरक.

फूल डेट पाळतं
राज्यफूल ताम्हण. 1 मेच्या आसपास जांभळ्या फुलांनी लगडतं. महाराष्ट्र दिनाचं डेकोरेशन, तेही फुकटात! शास्त्रीय नावात मात्र एक स्वीडिश व्यापारी लपलाय. लिनियसनं आपल्या मित्राचं, लागरस्ट्रोमचं, नाव या प्रजातीला दिलं.

पहिला नंबर आपलाच
राज्य-फुलपाखरू जाहीर करणारं देशातलं पहिलं राज्य कोणतं, माहीत आहे का? महाराष्ट्र! साल 2015, मानकरी ब्लू मॉर्मॉन, म्हणजेच नीलवंत. 2020 मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्ष केलं, तिथंही पहिला नंबर. 2023 मध्ये पापलेट राज्यमासा झाला. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर पोसलेल्या कोल्हापूरकरांनी हे जरा मोठ्या मनानं घ्यावं!

मनगटाला सुट्टी
2024 मध्ये दांडपट्टा राज्यशस्त्र झाला आणि कोल्हापूरच्या पेठांतल्या मर्दानी खेळाच्या आखाड्यांची कॉलर टाइट! या शस्त्राची मूठ पोलादी खोबणीत असते. हात कोपरापर्यंत आत, त्यामुळं मनगट वळतच नाही. सगळी करामत खांद्याची, कमरेची आणि पायांची. तरी जमिनीवरच्या लिंबाचे दोन तुकडे. काटा किर्र!

गाणं एक, गावं तीन
'जय जय महाराष्ट्र माझा' राज्यगीत झालं 19 फेब्रुवारी 2023 ला, शिवजयंतीच्या मुहूर्तावर. कवी राजा बढे नागपूरचे, संगीतकार श्रीनिवास खळे बडोद्यात वाढलेले, गायक शाहीर साबळे वाईजवळच्या पसरणीचे. राज्य एकत्र यायचं तर असं, सुरात!

मान वर करा
राज्याची चिन्हं झाली, आता देशाचं. 1 मे 2017 ला कोल्हापूरच्या पोलीस उद्यानात तिरंगा चढला. खांबाची उंची 303 फूट! तेव्हा याहून उंच खांब देशात फक्त अटारी सीमेवर होता.

तर पुढच्या 1 मेला प्लॅन ठरला. ताम्हणाखाली उभं राहायचं, वर तिरंगा बघायचा आणि शेजाऱ्याला कोपर मारून विचारायचं, "माहीत आहे का?"