ज्वारीतील पांढरे फूल : टारफुला

भाद्रपद सरत आला म्हणजे बांधांवर व उभ्या पिकांत अनेक प्रकारची पांढरी फुले दिसू लागतात. त्यांतील खरीप ज्वारीच्या बुडाशी येणारे टारफुल्याचे फूल वेळीच ओळखणे अगत्याचे आहे.

टारफुल्याचे रोप वीतभर, फार तर दीड वीत उंच असते. पाने अरुंद व हातास खरखरीत लागतात. फुले पानांच्या बगलेत एकेकटी येतात. फुलाची नळी बारीक असून टोकाशी वाकलेली असते. पाने हिरवीगार असल्यामुळे हे साधे तण वाटते आणि फसगत होते ती येथेच. टारफुला आपली मुळे ज्वारीच्या मुळांत रोवून पाणी व अन्न शोषून घेतो. जमिनीत ओल असूनही ज्वारी कोमेजते, वाढ खुंटते, आणि दोष मात्र पावसाला दिला जातो.

याच दिवसांत फुलणाऱ्या कुंभ्याचे खोड चौकोनी असून फुले पेरांवर गोल झुबक्यांनी येतात. माक्याचे फूल बटणासारखे असते व पान चोळल्यास रस काळा पडतो. गाजर गवताची पाने गाजराप्रमाणे चिरलेली असतात. यांपैकी एकही ज्वारीच्या मुळांवर जगत नाही. शंका राहिल्यास ज्वारीचे ताट व जवळचे रोप ढेकळासह खणून मुळे पाण्यात हलकेच धुवावीत. दोहोंच्या मुळांचा जोड दिसला तर तो टारफुलाच समजावा. रोप नुसते उपटल्यास हा जोड तुटून जातो.

रोप जमिनीवर दिसते तोवर यंदाचे बरेचसे नुकसान होऊन गेलेले असते. तरीही ते उपटावयाचे, ते पुढील हंगामांसाठी. एका रोपापासून धुळीसारख्या बारीक अशा हजारो बिया तयार होतात व त्या दहा वर्षांहूनही अधिक काळ जमिनीत जिवंत राहू शकतात. म्हणून बोंडे धरण्यापूर्वी रोपे उपटून जाळावीत. फुललेली रोपे बांधावर किंवा उकिरड्यात टाकणे म्हणजे पेरणी करण्यासारखेच होय.

हे बी आपोआप रुजत नाही. यजमान पिकाच्या मुळांतून पाझरणारे द्रव्य त्याला लागते. असे द्रव्य कापसाच्या मुळांतूनही पाझरते, आणि शास्त्रज्ञांनी १९६६ साली ते प्रथम वेगळे केले तेही कापसापासूनच. मात्र कापसावर टारफुल्यास जगता येत नाही. रुजलेला अंकुर उपाशी मरतो. यास्तव प्रादुर्भाव झालेल्या शेतात ज्वारीवर ज्वारी न घेता कापसाचा फेरपालट करावा. त्या शेतातील कुळव व कोळपे दुसरीकडे नेण्यापूर्वी त्यांना लागलेली माती तेथेच झाडून टाकावी.