विजेवरची मोटार : सोय कोणाची, भार कोणावर?

पेट्रोल-डिझेलच्या मोटारी हळूहळू मागे पडून त्यांची जागा विजेवर चालणाऱ्या मोटारी घेणार, याविषयी आता फारसे दुमत राहिलेले नाही. मतभेद आहेत ते दोन वेगळ्याच मुद्द्यांवर. महानगरांबाहेर राहणाऱ्यांना ही गाडी खरोखर वापरता येईल काय, हा पहिला मुद्दा. या गाड्यांसाठी सरकार जी करमाफी आणि सवलत देते, तिचा भार शेवटी कोणावर पडतो, हा दुसरा. नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील वणी हे बाजारपेठेचे गाव या दोन्ही मुद्द्यांची कसोटी घेण्यास योग्य ठरावे. द्राक्षे, टोमॅटो आणि कांदा यांची वाहतूक, नाशिकच्या औद्योगिक वसाहतींत कामाला जाणारा तरुण वर्ग आणि सप्तशृंगी गडावर जाणाऱ्या भाविकांची वर्दळ, अशी तिन्ही प्रकारची वाहतूक या एकाच गावातून होते.

अंतर आणि घाट

विजेवरची गाडी वाटेतच बंद पडेल, ही सर्वसामान्यांच्या मनातील पहिली भीती. वणीपुरता विचार केल्यास ती बरीचशी अनाठायी आहे. नाशिकहून दिंडोरी-वणीमार्गे सप्तशृंगी गड सुमारे ६५ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन १३० किलोमीटरचा प्रवास. तीस युनिट वीज साठविणारी बॅटरी ही आजच्या मोटारींमध्ये लहानच समजली जाते. एका युनिटमध्ये सहा ते सात किलोमीटर हे प्रमाण धरले तरी अशी गाडी १८० ते २०० किलोमीटर धावते.

नांदुरीपासून गडापर्यंतच्या सुमारे दहा किलोमीटरच्या घाटाचा प्रश्न उरतो. सोळाशे किलो वजनाची गाडी पाचशे मीटर उंच चढविण्यासाठी सपाटीवरील खर्चाव्यतिरिक्त साधारण सव्वादोन युनिट ऊर्जा लागते. मोटारीतील व्यय धरून तीन युनिट म्हणता येतील. उतरताना मात्र हीच मोटार जनित्राचे काम करते आणि चढणीला खर्ची पडलेल्या ऊर्जेचा बराच भाग बॅटरीत परत येतो. डिझेलच्या गाडीत ही ऊर्जा ब्रेक तापण्यात वाया जाते. घाटाचा रस्ता हा विजेच्या गाडीचा शत्रू नव्हे, तो असा.

मालवाहतुकीचे चित्र वेगळे आहे. क्रेट भरभरून टोमॅटो पिंपळगाव बसवंतला किंवा थेट मुंबईला नेणाऱ्या पिकअप गाड्यांचा भार आणि पल्ला दोन्ही मोठे असतात. विजेवरची छोटी मालवाहू वाहने बाजारात आली असली, तरी ती शहरांतर्गत वाटपासाठी अधिक उपयोगी आहेत. हंगामात रात्री भरून पहाटे मुंबई गाठायची आणि त्याच दिवशी परतायचे, या धावपळीत दोन-दोन तास चार्जिंगसाठी थांबणे परवडणारे नाही.

वीज कोठून, केव्हा?

चार्जिंगच्या बाबतीत खेड्याची स्थिती शहराहून वाईटच असणार, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. नाशिकमधील सदनिकाधारकाला वाहनतळात स्वतःचा मीटर घेण्यासाठी अनेकदा सोसायटीची मनधरणी करावी लागते. वणीतील घराला बहुधा स्वतःचे अंगण असते. पंधरा अँपिअरच्या साध्या प्लगमधून तासाला सुमारे तीन युनिट वीज मिळते, म्हणजे तीस युनिटची बॅटरी दहा तासांत, रात्रीतून भरते. छपरावर तीन किलोवॉटचा सौर संच असल्यास तो चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे बारा युनिट वीज देतो. ऐंशी किलोमीटरच्या आसपास प्रवासास ती पुरेशी होय.

अडचण आहे ती गावठाणाबाहेर, मळ्यात आणि वस्तीवर राहणाऱ्या कुटुंबांची. गावठाणाला स्वतंत्र वाहिनी असते. शेतातील घरांना मात्र अनेक ठिकाणी कृषी वाहिनीवरच अवलंबून राहावे लागते. तेथे थ्री फेज पुरवठा चक्राकार पद्धतीने दिवसा किंवा रात्री ठरावीक तासच मिळतो आणि उरलेल्या वेळात मिळणाऱ्या सिंगल फेजचा दाब भरवशाचा नसतो. बिबट्याच्या भीतीतही रात्री पाणी भरायला जावे लागते, ही नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. दिवसा वीज मिळावी म्हणून कृषी वाहिन्यांचे सौरऊर्जीकरण राज्याने हाती घेतले. ते जेवढे पुढे सरकेल, तेवढीच वस्तीवरची मोटारही व्यवहार्य ठरेल.

गाडी ज्या विजेवर चालते ती कशापासून तयार होते, हेही पाहिले पाहिजे. देशातील सुमारे तीन चतुर्थांश वीज अद्याप कोळशापासून निर्माण होते. नाशिकजवळ एकलहरे येथे प्रत्येकी २१० मेगावॉटचे तीन औष्णिक संच आहेत. देशाच्या सरासरी विजेमागे युनिटला ०.७ किलोच्या आसपास कर्बवायू बाहेर पडतो. वहनातील गळती जमेस धरली, तर विजेची मोटार किलोमीटरला साधारण १३० ग्रॅमला जबाबदार ठरते. लिटरला पंधरा किलोमीटर धावणारी पेट्रोलची मोटार सुमारे १५० ग्रॅम सोडते. फायदा आहे, परंतु जाहिरातींतून भासतो तेवढा तो मोठा नाही. शहरातील रस्त्यावरचा धूर कमी होतो आणि त्यातील काही भाग एकलहऱ्याच्या धुराड्यातून बाहेर पडतो. विजेच्या बाजूने एक गोष्ट मात्र निश्चित आहे. ग्रिडमध्ये सौर व पवन ऊर्जेचा वाटा वाढेल तशी तीच जुनी मोटार आपोआप अधिक स्वच्छ होत जाते. पेट्रोलच्या गाडीचे तसे होत नाही.

किलोमीटरचा हिशेब

खरा प्रश्न पैशाचा आहे. हिशेब सोपा व्हावा म्हणून पेट्रोल लिटरला शंभर रुपये आणि घरची वीज युनिटला दहा रुपये धरू. पेट्रोलच्या मोटारीचा खर्च किलोमीटरला पावणेसात रुपयांच्या घरात जातो, विजेच्या मोटारीचा दीड रुपया. बचत सुमारे पाच रुपयांची झाली. दोन गाड्यांच्या किमतीत तीन लाखांचा फरक असल्यास तो भरून येण्यास साठ हजार किलोमीटर धावावे लागेल.

वर्षाला पंधरा हजार किलोमीटर फिरणारा नाशिकचा व्यावसायिक हा पल्ला चार वर्षांत गाठील. लग्नकार्य, दवाखाना आणि बाजार एवढ्यापुरती गाडी काढणाऱ्या वणीतील कुटुंबाची मोटार वर्षाला सहा हजार किलोमीटर धावत असेल, तर त्याला दहा वर्षे लागतील. बॅटरीची हमी मात्र बहुतेक गाड्यांना आठ वर्षांची असते. याउलट वणी-नांदुरी-नाशिक अशा फेऱ्या मारणारी एखादी काळी-पिवळी दिवसाला दीडशे किलोमीटर आणि वर्षातील तीनशे दिवस धावली, तर तीच रक्कम दीड वर्षाच्या आत वसूल होते.

येथेच विसंगती दिसते. ज्याची गाडी सर्वाधिक धावते त्याला विजेचा सर्वाधिक लाभ आहे. पण त्याच्याकडे भांडवल नाही आणि दहा माणसे वाहून नेणारी स्वस्त, दणकट विजेची जीप बाजारात जवळजवळ नाहीच. ग्रामीण भागात मोटार घेतली जाते तीही पुष्कळदा जुनी. नाशिकच्याच कारखान्यात बनलेली बोलेरो दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आली, तरी गावातला फिटर तिचे इंजिन उघडून पाहू शकतो. जुन्या विजेच्या गाडीतील बॅटरीत किती दम उरला आहे, हे घेणाऱ्याला पाहून कळत नाही. तशी विश्वासार्ह तपासणी सर्वत्र उपलब्ध होत नाही, तोपर्यंत जुन्या गाड्यांच्या बाजारात गरीब ग्राहकच फसण्याची शक्यता अधिक.

सवलत कोणाच्या पदरात?

विजेच्या वाहनांवरील वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. २२ सप्टेंबर २०२५ रोजी कररचना बदलली तेव्हा ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींचा कर २८ वरून १८ टक्के झाला. परिणाम असा, की दूध घालायला जाण्यासाठी पेट्रोलची साधी दुचाकी घेणारा १८ टक्के कर भरतो आणि पन्नास लाखांची विजेची मोटार घेणारा ५ टक्के. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने विजेच्या वाहनांना मोटार वाहन कर माफ केला; मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर विजेच्या मोटारींना व बसना टोलमाफीही दिली. तीस लाखांपेक्षा महाग विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर बसविण्याचा प्रस्ताव मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात होता. परंतु तो त्याच महिन्यात मागे घेण्यात आला.

सवलतीचे समर्थन करणारे म्हणतात, की प्रारंभी श्रीमंत ग्राहकाने गाडी घेतल्यावाचून उत्पादन वाढत नाही आणि किमती उतरत नाहीत. मोबाइल फोनबाबत हाच अनुभव आला. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात होते, हाही मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही. तथापि, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशातील अवघ्या साडेसात टक्के कुटुंबांकडे मोटार होती. सवलतीला वरची मर्यादाच नसेल, तर तिचा मोठा वाटा याच वर्गातील वरच्या थराला मिळणार, हे उघड आहे. पेट्रोलवरील कर मात्र दुचाकीस्वार भरतच राहतो.

रोजगाराची बाजूही नाशिकला जवळची आहे. सातपूर येथील पूर्वाश्रमीच्या मायकोचा, म्हणजे आताच्या बॉशचा कारखाना डिझेल इंजिनाला लागणाऱ्या इंजेक्टर व नोझलसाठी ओळखला जातो. सातपूर-अंबडमधील अनेक लघुउद्योग इंजिनाचे सुटे भाग बनवितात. विजेच्या मोटारीत यातले बरेच भाग लागतच नाहीत. दिंडोरी-वणीतून तेथे कामाला जाणाऱ्या कंत्राटी कामगाराला या बदलाची झळ आधी लागेल आणि त्याच्या पुनर्प्रशिक्षणाचा विचार मागाहून होईल, अशी भीती आहे.

आधी कोणाची गाडी?

तात्पर्य, प्रश्न विजेची गाडी हवी की नको हा नाही. आधी कोणती हवी, हा आहे. याचे उत्तर वणीच्या वाटेवरच सापडते. चैत्रोत्सव आणि नवरात्रात गडाच्या घाटात खासगी वाहनांना मज्जाव केला जातो. ती नांदुरीला थांबतात आणि भाविक एसटीने वर जातात. मोटारवाला आणि खानदेशातून पायी आलेला भाविक एकाच बसमध्ये बसतो. दिवसभर चढ-उतार करणारी बस ही विजेच्या वाहनासाठी आदर्श होय, कारण ती भरपूर धावते, उतरताना ऊर्जा परत मिळविते आणि ठरलेल्या जागी थांबते.

एसटीने १ जून २०२२ रोजी पुणे-नगर मार्गावर ‘शिवाई’ ही विजेची बस सुरू केली. १९४८ मध्ये पहिली एसटी याच मार्गावर धावली होती. पुढे ५ हजार १५० विजेच्या बस भाडेतत्त्वावर घेण्याचे ठरले. परंतु त्या ठरलेल्या वेगाने आल्या नाहीत. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या तिकिटात निम्मी सवलत आहे. ज्यांच्या घरी मोटार नाही, त्यांच्यापर्यंत स्वच्छ वाहन पोहोचविण्याचा याहून सरळ मार्ग दुसरा नाही.

त्यासाठी करमाफीला किमतीची मर्यादा घालणे, वाचलेला पैसा एसटी, काळी-पिवळी आणि लहान मालवाहू वाहनांच्या कर्जावरील व्याजाकडे वळविणे, वणी बसस्थानक व नांदुरी येथे जलद चार्जिंगची सोय करणे आणि जुन्या बॅटरीच्या तपासणीचा दाखला सक्तीचा करणे, एवढ्या गोष्टी तरी करता येण्याजोग्या आहेत. खासगी मोटारी त्यामागून येतीलच. त्यांना वाट मोकळी असावी; पण त्या वाटेचा खर्च एसटीच्या थांब्यावर उभ्या असलेल्या प्रवाशाच्या खिशातून जाऊ नये.