काम शोधण्याचे काम

७ ऑक्टोबर १९९६ रोजी ब्रिटनमध्ये बेकारांना मिळणाऱ्या सरकारी साहाय्याचे नाव बदलले. तोपर्यंत त्यास ‘बेकारी भत्ता’ म्हणत. त्या दिवसापासून तो ‘कामशोधक भत्ता’ झाला. सरकारी योजनांच्या नामांतरात विशेष नवल वाटण्यासारखे काही नसते. या नामांतराच्या पोटात मात्र एका दीर्घ वादाचा निकाल दडलेला होता. पहिल्या नावात माणसाच्या स्थितीचे वर्णन होते : याला काम नाही. दुसऱ्यात त्याचे कर्तव्य आले : याने काम शोधलेच पाहिजे. बेकारी हा अर्थव्यवस्थेचा आजार की बेकाराच्या अंगचा दोष, या प्रश्नाचे उत्तर नव्या नावाने फारशी चर्चा न होऊ देता देऊन टाकले.

आपल्याकडील वाचकास हा सारा वाद श्रीमंत देशाचा शौक वाटण्याचा संभव आहे. सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून, कार्डाचे नूतनीकरण वर्षानुवर्षे इमानाने करून, एकही ‘कॉल’ न आलेले पदवीधर ज्या देशात घरोघर सापडतात, तेथे बेकाराला सरकार दरमहा पैसे देते हीच गोष्ट अपूर्वाईची. पैसे मिळत असतील तर चार अर्ज करावयास काय हरकत आहे, असा प्रश्न सहज मनात येतो. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच त्याचे उत्तर भावनेच्या भरात न देता, ही व्यवस्था प्रत्यक्षात कशी चालते ते पाहून दिले पाहिजे.

पस्तीस तासांचा हिशेब

ब्रिटनमध्ये २०१२ च्या कल्याणकारी सुधारणा कायद्याने आणि २०१३ पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ या एकत्रित भत्त्याने या व्यवस्थेस आजचे रूप दिले. भत्ता मागणाऱ्याने एका वचनपत्रावर सही करावयाची असते. ज्याच्यावर लहान मुलांची वा आजाऱ्याची जबाबदारी नाही आणि ज्याची प्रकृती धड आहे, त्याने साधारणपणे आठवड्याचे ३५ तास काम शोधण्यात घालवावे, अशी अपेक्षा असते. म्हणजे नोकरी शोधणे हीच एक पूर्ण वेळेची नोकरी झाली. कोणत्या जाहिराती पाहिल्या, कोठे अर्ज केले, कोणास दूरध्वनी केला, याची नोंद संगणकावर ठेवावयाची. रोजगार केंद्रातील अधिकाऱ्यास ठरल्या वेळी भेटावयाचे. तो सांगेल त्या वर्गास जावयाचे. यांत कसूर झाली आणि तिचे कारण अधिकाऱ्यास पटले नाही, तर भत्ता कापला जातो. ऑक्टोबर २०१२ मध्ये लागू झालेल्या नियमांनुसार वारंवार गंभीर कसूर करणाऱ्याचा भत्ता तीन वर्षांपर्यंत बंद ठेवता येत असे. ही तरतूद अतिरेकी असल्याचे सरकारला २०१९ मध्ये उमगले आणि कमाल मुदत सहा महिन्यांवर आणण्यात आली.

कागदावर या योजनेत तर्कदुष्ट असे काही नाही. अडचण येते ती मोजमापाची. माणूस मनापासून काम शोधतो आहे की नाही, हे त्याच्या मनात शिरून कोणास पाहता येत नाही. अर्ज किती केले, हे मात्र मोजता येते. जे मोजता येते तेच यंत्रणा मोजते, आणि जे मोजले जाते तेच लोक करू लागतात, हा कोणत्याही कचेरीत काम केलेल्या कारकुनाच्या आणि तक्ते भरून थकलेल्या शिक्षकाच्या नित्य अनुभवाचा भाग आहे. गावात सुताराची एकच जागा रिकामी असेल, तर पन्नाशीच्या सुताराने एक नेटका अर्ज करणे शहाणपणाचे. परंतु एका अर्जाने पस्तीस तास भरत नाहीत. मग तो आचाऱ्याच्या, पहारेकऱ्याच्या, दूरध्वनीवरील विक्रेत्याच्या जागांसाठीही अर्ज टाकतो. त्या मिळणार नाहीत हे त्याला ठाऊक असते आणि अधिकाऱ्यालाही. मालकाच्या मेजावर निरुपयोगी अर्जांचा ढीग पडतो आणि त्या ढिगात खऱ्या इच्छुकाचा अर्जही दबतो. नोंदवही भरते, काम मात्र कोणास मिळत नाही.

त्यात संगणकाशी ज्यांचा कधी संबंध आला नाही, अशांची त्रेधा वेगळीच. केन लोच यांच्या ‘आय, डॅनियल ब्लेक’ या चित्रपटास २०१६ मध्ये कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी काम करण्यास मनाई केलेला आणि तरीही काम शोधत असल्याचा पुरावा द्यावा लागणारा न्यूकॅसलचा सुतार हा त्याचा नायक. चित्रपट एकांगी आहे अशी टीका सरकारी पक्षाच्या मंडळींनी केली. तथापि, ब्रिटिश प्रेक्षकांपैकी अनेकांना तो आपल्या शेजाऱ्याची कहाणी वाटला.

जुनाच प्रयोग

हा प्रयोग नवा असता तर त्याच्या चुका क्षम्य मानता आल्या असत्या. वास्तविक ब्रिटनने तो पूर्वी एकदा करून पाहिला आहे. १८३४ च्या दारिद्र्य कायद्याने साहाय्य मागणाऱ्यास वर्कहाऊसची वाट दाखविली. तेथील जिणे बाहेरच्या अत्यंत गरीब मजुराच्या जिण्याहूनही कष्टाचे असावे, म्हणजे खरा गरजूच तेथे येईल, असे त्यामागील तत्त्व होते. विसाव्या शतकाच्या आरंभी विचाराची दिशा बदलली. बेकारी हा उद्योगव्यवस्थेचा प्रश्न आहे, असे प्रतिपादन विल्यम बेव्हरिज यांनी १९०९ मध्ये आपल्या ग्रंथात केले. त्याच वर्षी, विन्स्टन चर्चिल व्यापारमंत्री असताना, रोजगार विनिमय केंद्रांचा कायदा झाला आणि फेब्रुवारी १९१० मध्ये पहिली केंद्रे उघडली. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने सुमारे साडेबावीस लाख कामगारांना बेकारीचा विमा मिळाला : आठवड्यास सात शिलिंग, वर्षात जास्तीत जास्त पंधरा आठवडे. यातील क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी राज्यसंस्थेने काम दाखविणारी केंद्रे उभी केली आणि मग भत्ता दिला. काम दाखविण्याचा भार केंद्राने उचलावयाचा होता.

पहिल्या महायुद्धानंतर बेकारी वाढली आणि तिजोरीवर ताण आला. तेव्हा १९२१ मध्ये ‘खरोखर काम शोधत असल्याची’ अट घालण्यात आली. ती सिद्ध करण्याची जबाबदारी बेकारावर होती. काल कोठे गेला होतास, कोणाच्या दारात उभा राहिलास, असे प्रश्न विचारले जात. गावातील खाणच बंद पडलेली, शेजारच्या गावातील खाणीतही भरती नाही, हे सर्वांस माहीत असतानाही माणसे दारोदार फिरत. कारण फिरल्याचे सांगता आले नाही तर भत्ता हुकत असे. या अटीखाली लाखो अर्ज फेटाळले गेले. अखेर १९३० मध्ये मजूर पक्षाच्या सरकारात मजूरमंत्री मार्गारेट बाँडफील्ड असताना ती अट रद्द झाली. त्यापुढे केंद्राने योग्य काम देऊ करावे आणि ते नाकारले तरच भत्ता नाकारावा, असे ठरले. पुराव्याचा भार पुन्हा सरकारच्या खांद्यावर आला. पुढे सहासष्ट वर्षांनी ज्या दिवशी नाव बदलले, त्या दिवशी हा धडा विस्मरणात गेला होता.

न्यायालयाचे बोल

सक्तीला मर्यादा असावी की नाही, हा प्रश्न न्यायालयांपुढेही गेला. बर्मिंगहॅम विद्यापीठाची भूगर्भशास्त्राची एक पदवीधर भत्त्यावर असताना एका वस्तुसंग्रहालयात विनावेतन काम करून अनुभव घेत होती. ते सोडून तिला एका स्वस्त वस्तूंच्या दुकानात दोन आठवडे विनावेतन काम करावे लागले. न गेल्यास भत्ता जाईल, असे तिला सांगण्यात आले होते. ती न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०१३ मध्ये अपील न्यायालयाने संबंधित नियम बेकायदा ठरविले; कायद्यास आवश्यक असलेला योजनेचा तपशील त्यांत नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये हा निर्णय उचलून धरला, मात्र ही वेठबिगारी आहे हा युक्तिवाद मान्य केला नाही. दरम्यान मार्चमध्येच सरकारने पूर्वलक्षी प्रभावाचा कायदा करून, पूर्वी केलेली भत्तेकपात परत देण्याची आपत्ती टाळली होती. बेकाराने एक भेट चुकविली तर त्याला सबब चालत नाही. सरकारचे नियमच बेकायदा ठरले तेव्हा सरकारला कायदा बदलता आला.

जर्मनीतील निर्णय अधिक मूलगामी आहे. तेथील घटनेच्या पहिल्याच कलमात मनुष्याची प्रतिष्ठा अनुल्लंघनीय मानली आहे. या कलमाच्या आधारे तेथील घटना न्यायालयाने ५ नोव्हेंबर २०१९ रोजी सांगितले की, कर्तव्यात कसूर झाल्यास किमान भत्त्यात तीस टक्क्यांपर्यंत कपात करता येईल, परंतु त्याहून अधिक, म्हणजे साठ टक्के वा संपूर्ण, कपात घटनाबाह्य आहे. अटी घालण्याचा राज्याचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. पण जगण्यासाठी लागणारे किमान म्हणून जे राज्यानेच ठरविले, ते सर्वच काढून घेता येणार नाही, अशी मर्यादाही घातली.

दंडाचा ताळेबंद

अटींच्या समर्थकांची बाजू दुर्लक्षिण्यासारखी नाही. करदात्याच्या पैशातून जो साहाय्य घेतो त्याने स्वावलंबी होण्याची खटपट करावी, ही अपेक्षा कोणताही समाज ठेवील. आणि ती न ठेवल्यास सामान्य करदात्याची सहानुभूती आटून योजनाच धोक्यात येईल. दंडाच्या भीतीने माणसे भत्त्याच्या यादीतून लवकर बाहेर पडतात, असे स्वित्झर्लंडमधील अभ्यासांत आढळले आहे. परंतु दंड झालेल्यांना पुढे मिळणाऱ्या नोकऱ्या कमी पगाराच्या असतात, असेही त्याच देशात दिसून आले. भुकेलेला माणूस पहिली मिळेल ती भाकरी उचलतो. ती त्याला पुरते की नाही, हे मागाहून कळते.

शिवाय दंडाचा हिशेबही तपासला पाहिजे. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नोव्हेंबर २०१६ च्या अहवालात दिलेले अंदाज असे : दंड लावण्याच्या व्यवस्थेवर वर्षाकाठी तीन ते पाच कोटी पौंड आणि अटींचे पालन होते की नाही हे पाहण्यावर सुमारे वीस कोटी पौंड खर्च. उलट २०१५ मध्ये दंडामुळे न दिलेला भत्ता १३ कोटी २० लाख पौंड. त्यातूनही दंडितांना हलाखीतील साहाय्य म्हणून साडेतीन कोटी पौंड द्यावे लागले. एका केंद्रात दंड मुबलक तर दुसऱ्यात तुरळक, असेही अहवालात आढळले. माणूस तोच, कसूर तीच; पण कोणत्या दारात उभा राहिला यावर त्याची शिक्षा ठरावी, याला न्याय म्हणणे कठीण आहे. यॉर्क विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या अभ्यासानेही दंड फारसे परिणामकारक नसल्याचेच सांगितले.

याच्या उलट टोकाचा प्रयोग फिनलंडने केला. २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांत दोन हजार बेकारांना दरमहा ५६० युरो कोणत्याही अटीविना देण्यात आले. ही माणसे आळसावली नाहीत. त्यांच्या कामाच्या दिवसांत किंचित वाढच झाली आणि त्यांचे मनःस्वास्थ्य इतरांपेक्षा चांगले राहिले. नोकऱ्यांचा पूर आला असेही मात्र झाले नाही. अटी काढल्याने बेकारी हटत नाही, तशी ती अटी वाढविल्यानेही हटत नाही, एवढा बोध यातून निश्चित होतो. नोकऱ्या अर्जांतून उत्पन्न होत नाहीत.

महाराष्ट्राने घातलेली अट

या सर्व चर्चेत महाराष्ट्राचा एक अनुभव आवर्जून आठवावा असा आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली आणि तिच्या कायद्याची अंमलबजावणी २६ जानेवारी १९७९ रोजी सुरू झाली. ग्रामीण भागातील प्रौढाने काम मागावे, शासनाने ते पंधरा दिवसांत द्यावे आणि न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, असे ते सूत्र होते. ते पुढे २००५ च्या केंद्रीय कायद्यानेही स्वीकारले. भत्ता दिवसाला एक रुपयाहून कमी नसावा इतकीच हमी, आणि तोही प्रत्यक्षात क्वचितच हाती पडे. हजेरीपटांतील घोळ, रखडलेली मजुरी, अपुरी राहिलेली कामे, हे योजनेचे दोष सर्वश्रुत आहेत. या योजनेसाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला आणि तो शिक्षकांच्या व कारकुनांच्या पगारातून नेमाने कापला गेला. तेव्हा या दोषांविषयी तक्रार करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

परंतु सूत्रातील न्याय लक्षात घेतला पाहिजे. येथे बेकाराने काम शोधल्याचा पुरावा द्यावयाचा नव्हता. खडी फोडण्यास किंवा पाझर तलावाची माती उचलण्यास तो तयार होणे, हाच त्याच्या गरजेचा पुरावा मानला गेला. मुदतीत काम मिळाले नाही तर कसूर शासनाची आणि भत्ता हा शासनाला झालेला दंड. श्रीमंत ब्रिटनने जी अट नागरिकास घातली, ती गरीब महाराष्ट्राने, निदान कायद्याच्या शब्दांत, स्वतःस घालून घेतली होती.

सुशिक्षित बेकाराचा प्रश्न खडी फोडून सुटत नाही, हे खरे. शहरातील बेकारांसाठी साहाय्याची मागणी आपल्याकडेही अधूनमधून होते आणि पुढेमागे तशी व्यवस्था येईल तेव्हा अटींचा विचार करावाच लागेल. त्या वेळी अर्जांची संख्या मोजण्याचा सोपा मार्ग समोर दिसेल. तो टाळून केंद्राने योग्य जागा दाखवावी, तिच्यासाठी लागणारे शिक्षण द्यावे आणि मग ती नाकारणाऱ्यास जाब विचारावा, हा १९३० चा क्रम स्वीकारणे श्रेयस्कर ठरेल. बेकाराची परीक्षा राज्यसंस्थेने अवश्य घ्यावी. पण पेपर काढण्यापूर्वी आपण काही शिकविले होते काय, हे तिने स्वतःस विचारले पाहिजे.