सेलची बातमी : गुणाकार आणि भागाकार

दिवाळीआधीच्या रविवारी संध्याकाळी दादरच्या रानडे रोडवर एक कोडे हमखास पडते. फोनच्या कोपऱ्यातील सिग्नलच्या सर्व रेघा भरलेल्या असतात, पण मैत्रिणीने पाठवलेला साड्यांच्या सेलचा फोटो काही केल्या उघडत नाही. असाच फोटो सकाळी घरी क्षणात उघडतो. असे का व्हावे? याचे उत्तर अंकगणितातील दोन परिचित क्रियांमध्ये आहे. बातमी पसरते ती गुणाकाराने आणि इंटरनेट वाटले जाते ते भागाकाराने.

प्रथम गुणाकार पाहू. समजा, हिंदमाताच्या एखाद्या दुकानातील सवलतीची माहिती एका बाईंनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाच जणींना पाठवली. त्या प्रत्येकीने ती आणखी पाच जणींना पाठवली. पहिल्या फेरीत ५, दुसऱ्या फेरीत २५, पाचव्या फेरीत ३,१२५ आणि दहाव्या फेरीत ९७,६५,६२५! २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळतो. प्रत्यक्षात एवढा प्रसार होत नाही. एकच निरोप त्याच व्यक्तीकडे पुन्हा पुन्हा येतो आणि पुष्कळजण तो पुढे पाठवतच नाहीत. परंतु सुरुवातीच्या काही फेऱ्या खरोखरच झपाट्याने होतात.

इंटरनेटच्या वेगामुळे काय बदलले? एका फेरीला लागणारा वेळ कमी झाला. २ मेगाबाइटचा फोटो म्हणजे १६ मेगाबिट, कारण एका बाइटमध्ये ८ बिट असतात. जुन्या २-जी फोनवर सेकंदाला ४० किलोबिट वेग मिळाला तर हा फोटो यायला ४०० सेकंद, म्हणजे साडेसहा मिनिटांहून अधिक वेळ लागे. सेकंदाला २० मेगाबिट वेग असेल, तर तो एका सेकंदाच्या आत येतो. निरोप खरा की खोटा याचा विचार करायला पूर्वी जी सक्तीची उसंत मिळे, ती आता उरली नाही. सवलतीची बातमी ज्या वाटेने धावते, त्याच वाटेने फसवी जाहिरात आणि अफवाही धावते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच जणांना ठार मारले. देशात अशा आणखीही घटना घडल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी जास्तीत जास्त पाच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. गुणाकारातील गुणक लहान केला की वाढ मंदावते, हेच त्यामागचे गणित.

आता भागाकाराकडे वळू. मोबाइलचा टॉवर सभोवतालच्या लहानशा क्षेत्रातील सर्व फोनना रेडिओलहरींनी जोडतो. या क्षेत्राला ‘सेल’ म्हणतात. दुकानातील सेलशी त्याचा संबंध नाही! कंपनीच्या वाट्याला आलेला लहरींचा पट्टा ठरावीक रुंदीचा असतो, त्यामुळे एका सेलमध्ये एकूण किती माहिती वाहू शकते यालाही मर्यादा असते. समजा, ही क्षमता सेकंदाला ३०० मेगाबिट आहे. ३० जण एकाच वेळी फोटो मागत असतील, तर प्रत्येकाला १० मेगाबिट मिळतील आणि फोटो १.६ सेकंदात येईल. तेथेच ६०० जण जमले, तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा मेगाबिट येईल आणि त्याच फोटोला ३२ सेकंद लागतील. फोनवरील रेघा फक्त लहरी किती जोरकस आहेत ते सांगतात. आपल्या वाट्याला त्यातील किती येणार, हे त्या सांगत नाहीत. पंगतीत पातेले जवळ आहे, पण पान वाढायला अजून वेळ आहे, असाच हा प्रकार.

मग झेंडूची फुले घेताना यूपीआयने दिलेले ५० रुपये का अडकतात? तो निरोप तर फोटोच्या मानाने अगदीच छोटा असतो. पण तो पाठवण्यासाठीही फोनला आधी टॉवरकडे पाळी मागावी लागते. एकाच क्षणी अनेकांनी पाळी मागितली की त्या मागण्या एकमेकींवर आदळतात आणि फोनना थांबून पुन्हा प्रयत्न करावा लागतो. कधी गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे जातात, पण फुलवाल्याला त्याची सूचना उशिरा मिळते. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसते, तरी वाद होतो. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नयेत. आधी व्यवहाराची नोंद पाहावी.

यावर उपाय तीन. पहिला, लहरींचा रुंद पट्टा : ४-जीचा एक पट्टा जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झचा असतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ५-जीमध्ये तो १०० मेगाहर्ट्झपर्यंत असू शकतो. दुसरा, लहान सेल : टॉवर जवळजवळ उभारले की प्रत्येकाच्या वाटेकऱ्यांची संख्या घटते. म्हणूनच मोठ्या गर्दीच्या ठिकाणी चाकांवरचे तात्पुरते टॉवर आणले जातात. तिसरा, अनेक अँटेनांच्या साहाय्याने लहरींचा झोत हव्या त्या फोनकडे वळवणे. मात्र ५-जीच्या उच्च कंपनसंख्येच्या लहरी जाड भिंतींतून नीट पार होत नाहीत. त्यामुळे गिरगावातील जुन्या चाळीच्या आतल्या खोलीत वेग कमी मिळाला, तर नवल नाही.

वर्गात हा प्रयोग जरूर करून पाहावा. शिक्षक म्हणजे टॉवर. त्यांनी मिनिटाला फक्त दहा चिठ्ठ्या वाटायच्या. आधी पाच विद्यार्थ्यांनी प्रत्येकी दोन चिठ्ठ्या मागाव्यात, मग चाळीस जणांनी. दोन्ही वेळा किती वेळ लागला ते फळ्यावर मांडावे. त्यानंतर विद्यार्थ्यांना विचारावे : गर्दीत उभे राहून सेलचा एक फोटो पुढे पाठवताना आपण कोणत्या गुणाकारात भर घालतो आणि शेजारच्या कोणाचा वाटा कमी करतो?