दूरवैद्यक आणि घशाचे दुखणे

पानिपत शहरालगत काला अंब या नावाचे स्थान आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे व अहमदशाह अब्दाली यांच्या सैन्यांत झालेल्या संग्रामाचे स्मारक तेथे उभे आहे. ज्या आम्रवृक्षावरून या जागेस नाव पडले तो वृक्ष मात्र केव्हाच नाहीसा झाला. दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास महाराष्ट्रातून अनेक लोक येथे येतात. उत्तर भारतात ते दिवस कडाक्याच्या थंडीचे आणि दाट धुक्याचे असतात. प्रवाशांपैकी एखाद्यास येथे पोहोचल्यावर शिंका येऊ लागतात, अंग कसकसते, घसा धरतो. तो दोष थंडीला देतो. वस्तुतः पडशाचे मूळ विषाणूंत असते, आणि त्यांचे दोनशेंहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. विषाणूने शरीरात प्रवेश केल्यापासून एक ते तीन दिवसांत लक्षणे दिसू लागतात. तेव्हा ही देणगी बहुधा धुक्याची नसून आगगाडीच्या डब्यातील सहप्रवाशाची असते.

परक्या गावी ओळखीचा डॉक्टर नाही आणि हिंदी मोडकीतोडकी, अशा स्थितीत पूर्वी औषधाच्या दुकानात जाऊन चार गोळ्या मागून घेण्यावाचून मार्ग नव्हता. आता खिशातील दूरध्वनीवरून डॉक्टरास गाठता येते. २५ मार्च २०२० रोजी भारतात दूरवैद्यकाचे नियम प्रसिद्ध झाले. त्यांनुसार नोंदणीकृत डॉक्टर देशाच्या कोणत्याही भागातील रुग्णास दुरून सल्ला देऊ शकतो. म्हणजे काला अंब येथे उभा असलेला साताऱ्याचा मनुष्य साताऱ्यातील डॉक्टराशी मराठीत बोलू शकतो. ही सोय वरकरणी लहान वाटते. पण जेथे केवळ शब्दच प्रवास करतात तेथे भाषेचे मोल वाढते. घसा खवखवतो, घसा बसला, घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते, आवंढा गिळताना कळ कानापर्यंत जाते, ही चारही वाक्ये डॉक्टरास निरनिराळ्या गोष्टी सांगतात. परभाषेत त्या सर्वांचे ‘गला खराब है’ एवढेच होऊन बसते.

दुरून घसा तपासण्याची कल्पना जुनी आहे. दूरध्वनीचा शोध लागून जेमतेम तीन वर्षे झाली असता, १८७९ मध्ये, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक हकीकत छापून आली. मध्यरात्री एका मुलास खोकल्याची उबळ आली. श्वासनलिकेस सूज आणणारा ‘क्रूप’ हा विकार जडला की काय, या भयाने घरच्यांनी दूरध्वनीवरून डॉक्टरास कळविले. डॉक्टराने मुलास यंत्राजवळ धरावयास सांगितले, खोकला ऐकला आणि हा क्रूप नव्हे असा निर्वाळा दिला. पुढे १९२४ मध्ये ‘रेडिओ न्यूज’ या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर, पडद्यावरील डॉक्टरास जीभ काढून दाखविणारा मुलगा चितारला होता. त्या काळी ते स्वप्नरंजन होते.

स्वप्न खरे झाले तरी त्यात एक उणीव राहिली, आणि घशाच्या बाबतीत ती ध्यानात घेण्याजोगी आहे. घसा दुखण्याची बहुतेक प्रकरणे विषाणूजन्य असतात. ती आठवड्याभरात आपोआप बरी होतात व प्रतिजैविकांचा त्यांवर काडीमात्र उपयोग होत नाही. परंतु काही प्रकरणांत ‘स्ट्रेप्टोकॉकस’ जातीचा जंतू असतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत तो विशेष आढळतो. या जंतूची बाधा दुर्लक्षित राहिली तर काहींना दोनतीन आठवड्यांनी संधिवातज्वर होतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी होऊ शकतात. भारतात अशा हृद्रोग्यांची संख्या आजही मोठी आहे. घसा महिन्याभरात विसरला जातो. झडप मात्र जन्मभर सोबत राहते.

हे दोन प्रकार वेगळे ओळखावे कसे? १९८१ मध्ये रॉबर्ट सेंटर या अमेरिकन डॉक्टराने व त्याच्या सहकाऱ्यांनी प्रौढ रुग्णांसाठी चार खुणा सुचविल्या, त्या अजूनही वापरात आहेत. ताप असणे, खोकला नसणे, टॉन्सिलवर पांढुरका पू दिसणे आणि मानेच्या पुढील भागातील गाठी सुजून दुखऱ्या होणे, या त्या चार खुणा होत. जितक्या अधिक खुणा, तितका जंतूचा संशय बळावतो. निश्चिती मात्र घशातील स्राव तपासल्यावरच होते. आता या चार खुणा दूरध्वनीच्या तराजूत घालून पाहाव्यात. ताप व खोकला यांची वार्ता शब्दांनी कळते. पू पाहावयास डोळा लागतो. चित्रध्वनीवरून तो कधी दिसतो, कधी दिव्याच्या पिवळ्या उजेडात सारेच लाल भासते. गाठी चाचपण्यास तर बोट लागते, आणि बोट तारेतून जात नाही. निम्मी परीक्षा दूर बसून होते, निम्मी राहून जाते.

येथे ‘ई-संजीवनी’ या शासकीय सेवेची रचना विचारात घेण्यासारखी आहे. मोहाली येथील सी-डॅक या संस्थेने ती सिद्ध केली. तिचा एक मार्ग घरबसल्या रुग्णासाठी असून तो १३ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, खुला झाला. दुसरा मार्ग त्याआधीच, २०१९ मध्ये सुरू झाला होता. त्यात रुग्ण गावच्या आरोग्य केंद्रात जातो, तेथील आरोग्य अधिकारी त्याच्याजवळ बसतो आणि दूरचा डॉक्टर पडद्यावर येतो. फेब्रुवारी २०२३ पर्यंत या सेवेतून झालेल्या सल्ल्यांची संख्या दहा कोटींवर गेली होती. पहिल्या मार्गाचा गाजावाजा अधिक झाला. पण घशाच्या दुखण्यास दुसरा मार्गच श्रेष्ठ होय. कारण तेथे बॅटरीचा प्रकाश टाकणारा हात आणि मान चाचपणारे बोट रुग्णापाशी असते. नुसत्या पडशाला मात्र पहिला मार्ग पुरेसा आहे. त्या रोग्याने धुक्यातून केंद्रापर्यंत जाऊन इतरांस प्रसाद वाटण्यापेक्षा घरी पडून राहिलेले बरे!

इन्फ्लुएन्झाच्या बाबतीत ही विभागणी शासनानेच करून ठेवली आहे. २००९ च्या साथीत, ज्या साथीतील भारतातील पहिला मृत्यू ऑगस्टमध्ये पुण्यास झाला, रुग्णांचे तीन वर्ग ठरविण्यात आले. सौम्य ताप, खोकला, घसादुखी असलेल्यांनी घरी राहावे व एकदोन दिवस लक्ष ठेवावे. तीव्र ताप व तीव्र घसादुखी असणारे, तसेच गर्भवती, वृद्ध, लहान मुले आणि जुनाट विकार असलेले यांना विषाणुरोधक औषधाचा विचार व्हावा. हे औषध पहिल्या दोन दिवसांत दिल्यास अधिक गुणकारी ठरते. धाप, छातीत दुखणे, गुंगी, थुंकीत रक्त, निळसर नखे यांपैकी काहीही दिसल्यास थेट रुग्णालय गाठावे. तिसऱ्या वर्गास दूरवैद्यकाने द्यावयाचा सल्ला एकच, तो म्हणजे ताबडतोब निघण्याचा.

पानिपतच्या डॉक्टरास आणखी एक प्रश्न विसरून चालत नाही, तो म्हणजे रुग्णाच्या व्यवसायाचा. हे शहर घोंगड्या, गालिचे आणि जुन्या कपड्यांपासून पुन्हा काढलेल्या सुताचे आहे. कापसाच्या धुळीत राबणाऱ्या कामगाराची छाती साप्ताहिक सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी अधिक आवळत असेल, तर ते पडसे नव्हे. हा प्रश्न कितीही अंतरावरून विचारता येतो.

काही घसे मात्र थांबू देत नाहीत. घटसर्पात टॉन्सिलवर राखाडी पापुद्रा धरतो आणि मान सुजते. ज्या मुलांच्या लसी राहून गेल्या त्यांना धोका अधिक. सप्टेंबर २०१८ मध्ये दिल्लीत या रोगाने अनेक बालके दगावली, आणि दिल्ली पानिपताहून शंभर किलोमीटरही दूर नाही. तोंडातून लाळ गळणे, तोंड न उघडणे, आवाज घोगरा नव्हे तर तोंडात घास असल्यासारखा येणे, श्वास घेताना शिट्टीसारखा नाद होणे, यांतील आवाजाच्या खुणा १८७९ च्या डॉक्टराप्रमाणे आजचा डॉक्टरही यंत्रातून ऐकू शकतो. म्हणून लेखी संदेशापेक्षा संभाषण बरे. नियमांप्रमाणे अल्पवयीन रुग्णाजवळ प्रौढ व्यक्ती असावी लागते. तिनेच मुलास बोलते करावे.

स्ट्रेप्टोकॉकसच्या घशात इतकी घाई नसते. दुखणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू केले तरी संधिवातज्वर टाळता येतो. रात्री दूरध्वनीवर संशय आला, तर सकाळी धुके ओसरल्यावर मुलास तपासणीसाठी केंद्रात नेण्यास पुरेसा अवधी असतो.