परदेशात आपला माणूस

कोरपना किंवा गडचांदूरहून परदेशी सहलीला निघालेल्या कुटुंबाचा प्रवास विमानतळाच्या बराच अलीकडे सुरू होतो. राजुऱ्यावरून चंद्रपूर, चंद्रपूरहून नागपूर, आणि तिथून शारजा किंवा दोह्याचं विमान सोयीचं पडलं तर ठीक, नाही तर मुंबई-दिल्लीचा वळसा. एवढा पल्ला गाठायचा आणि वर्षानुवर्षं साठवलेला पैसा लावायचा, म्हणून घरात चर्चा होते ती दोनच वाटांची. टूर कंपनीबरोबर जायचं, की तिकडे राहणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या भरवशावर? सिमेंट कारखान्यांच्या या तालुक्यातून शिकून बाहेर पडलेल्या पिढीमुळे कुणाचा तरी भाचा, कुणाची तरी वर्गमैत्रीण आता परदेशात असते. दुसरी वाट धरणारी घरं हिशेब मांडतात तो हॉटेल, टॅक्सी आणि जेवण वाचण्याचा. माझ्या मते हा हिशेबच चुकीच्या जागी मांडला जातो. परदेशातल्या मित्राची खरी मदत आपण तिकीट काढण्याआधी व्हायला हवी. तिथे पोचल्यावर त्याला जितकं कमी राबवू, तितकी सहल सगळ्यांनाच सुखाची होते.

स्थानिक माणूस नेमका कशासाठी लागतो, हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. ताडोब्यात प्रत्येक जिप्सीत स्थानिक गाइड सक्तीचा आहे आणि हे गाइड जंगलालगतच्या गावांतलेच असतात. रस्ता तर ड्रायव्हरलाही ठाऊक असतो. मग गाइड काय करतो? सांबराचा कॉल कोणत्या बाजूनं आला, या उन्हात कोणत्या पाणवठ्यावर थांबण्यात अर्थ आहे, आणि जिथे दहा गाड्या आधीच उभ्या आहेत तिथे जायचं की नाही, हे तो ठरवतो. कुठे जायचं हे नकाशा सांगतो. कुठे आणि कधी जाऊ नये, हे मात्र तिथे राहणारा माणूसच सांगू शकतो. परदेशातल्या शहरालाही हाच नियम लागू पडतो.

आपल्या सुट्ट्यांचंच बघू. विदर्भातल्या शाळांना मोठी सुट्टी मेमध्ये आणि मधली दिवाळीत. जपानला जाणारं कुटुंब एप्रिलच्या शेवटच्या दिवसांत निघालं, तर ते थेट २९ एप्रिल ते ५ मे या जपानी सुट्ट्यांच्या आठवड्यात जाऊन पडतं. त्या दिवसांत सगळा जपानच फिरायला बाहेर पडलेला असतो, गाड्या भरलेल्या आणि हॉटेलांचे दर चढलेले. आठवडाभर उशिरा निघालं तर तोच क्योतो मोकळा मिळतो. दुबईची पॅकेजं मेमध्ये स्वस्त दिसतात, पण चंद्रपूरच्या सत्तेचाळीस अंशांतून पळून जाणाऱ्याला तिथेही तसंच ऊन भेटतं. दिवाळीच्या सुट्टीत लंडन-पॅरिसला जावं, तर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे येतात आणि नोव्हेंबरात लंडनमध्ये साडेचारच्या आतच सूर्य मावळतो. मेच्या अखेरीस पॅरिसमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. एकाच खर्चात मिळणाऱ्या दिवसात इतका फरक! मग वारांचा प्रश्न येतो. ताडोबा मंगळवारी बंद असतो हे आपल्याला पाठ असतं, पण पॅरिसचं लूव्हरही मंगळवारीच बंद असतं. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडी. त्या दिवशी प्रवेश मोफत, म्हणून रांग अफाट. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, तेव्हा दूध-भाजी शनिवारीच भरून ठेवायची. ॲमस्टरडॅमच्या ॲन फ्रँक घराची तिकिटं फक्त ऑनलाइन, तीही सहा आठवडे आधी, दर मंगळवारी खुली होतात. यातली प्रत्येक गोष्ट शोधली तर सापडते. पण काय शोधायचं हेच नवख्याला ठाऊक नसतं, आणि तिथे राहणारा मित्र फोनवरच्या अर्ध्या तासात ते सांगून टाकतो.

सामानाचंही तसंच. दिवाळीचा फराळ घेऊन दुबईला निघालेल्यांनी अनारसे घरीच ठेवावेत, कारण खसखस नेण्यास संयुक्त अरब अमिरातीत बंदी आहे. सिंगापुरातही ती चालत नाही. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे प्रेमानं बांधून दिलेले पेढे आणि घरचं तूप विमानतळावरच काढून घेतलं जाऊ शकतं. जपानमध्ये सर्दीच्या काही साध्या औषधांतला स्यूडोएफेड्रिन हा घटक ठरावीक प्रमाणाहून जास्त असेल तर ते औषध नेता येत नाही. सोबत आजी-आजोबा असलेल्या घरानं औषधांची यादी मित्राला आधीच पाठवावी.

आता कागदपत्रांकडे वळू, कारण गैरसमज सर्वांत जास्त इथेच आहेत. ‘मित्राचं पत्र आलं की व्हिसा झाला’ असं अनेकांना वाटतं. शेंगेन व्हिसाला प्रौढांसाठी ९० युरो शुल्क आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, पत्र असो वा नसो. मात्र मित्राच्या घरी उतरणार असाल तर त्याच्यावर काय काय येतं ते पाहा. फ्रान्समध्ये त्याला नगरपालिकेकडून पाहुणचाराचा दाखला काढावा लागतो, शुल्क भरावं लागतं, घर पुरेसं मोठं आहे आणि मिळकत बरी आहे हे दाखवावं लागतं. जर्मनीत पाहुण्यांच्या खर्चाची हमी त्यानं घेतली, तर परदेशी नागरिकांच्या कचेरीत जाऊन तो सही करतो आणि ती सही कायद्यानं बंधनकारक असते. पाहुणा आजारी पडला, खर्च वाढला, तर सरकार त्याच्या दारात येऊ शकतं. इटलीत घरी परदेशी पाहुणा उतरवला की ४८ तासांत पोलिसांना कळवावं लागतं. आपल्या दृष्टीनं जो ‘फक्त मुक्काम’, तो त्याच्या दृष्टीनं रजा, सरकारी फेऱ्या आणि जोखीम असतो. आपल्या बँक खात्यावर आणि हॉटेलच्या आरक्षणावर व्हिसा मिळत असेल, तर मित्राला हमीदार करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मराठी माणसाच्या परदेशप्रवासाचा इतिहासही हेच दाखवतो. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांना घ्यायला न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर आल्या होत्या. पण ती ओळख बंदरावर झाली नव्हती. १८८० पासून दोघींची पत्रं चालू होती. मदतीचा मोठा भाग जहाज सुटण्याआधीच झालेला होता. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियाला गेल्या. निमंत्रण आनंदीबाईंच्या महाविद्यालयाच्या प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांचं होतं. पुढे १८८९ मध्ये रमाबाईंनी अमेरिकेतल्या लोकस्थितीवर जे मराठी पुस्तक लिहिलं, त्यात इमारतींहून संस्था, घरं, बायकांचं शिक्षण आणि राज्यकारभार यांना जास्त जागा आहे. तिथल्या माणसांत वावरल्याशिवाय असं पुस्तक होत नाही. उलट दिशेचं उदाहरण तर आपल्या शेजारीच आहे. व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ आणि त्यांच्या पत्नी बेटी १९४० च्या दशकात निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यातल्या मार्लवाई या गोंड गावी राहिले. आपला राजुरा तालुका तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. जिवतीच्या डोंगरांपलीकडच्या त्या गावानं त्यांना सामावून घेतलं, गोंड आणि परधान माणसांनी आपल्या कथा आणि सण त्यांना उलगडून सांगितले, आणि त्यातून १९४८ मध्ये राजगोंडांवरचा त्यांचा ग्रंथ आला. बेटी यांची समाधी मार्लवाईतच आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो सुरक्षिततेचा. वयस्कर आईवडील, लहान मुलं, इंग्रजीची धास्ती, जेवणाचे हाल. टूर कंपनी हे सगळं एकाच रकमेत सांभाळते, मराठी बोलणारा टूर लीडर देते, कुठे वरणभातही देते. हा आक्षेप पोकळ नाही. ज्यांच्या घरात एकही माणूस ऑनलाइन तिकीट काढू शकत नाही किंवा कुणाला रोज वैद्यकीय देखरेख लागते, त्यांनी कंपनीबरोबरच जावं. पण कंपनीचा आराखडा चाळीस जणांच्या बससाठी केलेला असतो. सत्तरीच्या आजोबांना दुपारी दोन तास पडायचं असेल किंवा सहा वर्षांच्या मुलीला बागेतल्या झोपाळ्यावरून उतरायचं नसेल, तर बस थांबत नाही. मित्राच्या सल्ल्यानं आखलेल्या सहलीत ती सोय करता येते, आणि मोठ्या स्मारकासाठी एक दिवस पैसे देऊन परवानाधारक गाइडही घेता येतो. तो घ्यावाच, कारण दुसरा आक्षेप अगदी खरा आहे. स्थानिक मित्राला आपल्याच शहराचा इतिहास बहुधा ठाऊक नसतो. चंद्रपुरात जटपुरा गेटखालून रोज जाणाऱ्या किती जणांनी परकोटावर चढून शहर पाहिलंय? इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ मध्ये तो झाडण्याचं काम हाती घेतलं, तेव्हा कुठे अनेकांचं लक्ष तिकडे गेलं. मित्राकडून स्मारकाची माहिती मागू नये. त्याची भाजीची दुकानं, त्याच्या मुलांची शाळा, त्याचा रविवार मागावा. आणि ज्यांचं परदेशात कुणीच नाही, त्यांच्यासाठीही वाट आहे. १९४९ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या सर्व्हास चळवळीचे सदस्य पैसे न घेता प्रवाशांना घरी उतरवतात, साधारण दोन रात्री. न्यूयॉर्कमध्ये १९९२ मध्ये सुरू झालेल्या ग्रीटर उपक्रमाचं लोण पुढे अनेक शहरांत पोचलं. तिथले रहिवासी स्वखुशीनं आपली गल्ली, आपला मोहल्ला पाहुण्यांना मोफत दाखवतात.

पाहुणचाराला मुदत असते आणि परतफेडही असते, हे आपल्या भागातल्या गोंड गावांनी फार पूर्वीपासून पाळलंय. दिवाळीच्या दिवसांत मोरपिसांचे मुकुट घालून निघणारी दंडारी-घुसाडी मंडळी दुसऱ्या गावाची पाहुणी होतात. यजमान गाव त्यांना जेवू घालतं, रात्र नाचात जाते, मग पाहुणे निघतात, आणि पुढे त्या गावानं यांच्याकडे यायचं असतं. याच नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळालेले कनका राजू मार्लवाईचेच होते. परदेशात नोकरी करणाऱ्या मित्राकडे दोन आठवडे तळ ठोकणारं कुटुंब मात्र ही मुदत विसरतं. त्याच्याकडे घरकामाला बाई नसते, रजा मोजकी असते, पाच जणांच्या गाडीत सहावा बसवता येत नाही. जर्मनीत तर बारा वर्षांखालच्या, दीडशे सेंटिमीटरहून कमी उंचीच्या मुलाला वेगळी आसनव्यवस्था लागते. ती नसेल तर दंड मित्राला. म्हणून मुक्काम जवळच्या भाड्याच्या घरात, फिरणं मेट्रो-रेल्वेनं, आणि मित्राबरोबर एक किंवा दोन मोकळ्या संध्याकाळी. त्यातली एक आपल्या खर्चानं. स्वयंपाक मित्राच्या बायकोवर टाकू नये, हे तर वेगळं लिहावं लागू नये. पण लिहावं लागतं, कारण ‘आपलीच माणसं’ म्हणत नेमकं तेच होतं.

परतफेडीची वेळ आली की यजमान आपण असतो, आणि तेव्हा माहितीची जबाबदारीही आपल्यावर येते. युरोपातल्या शाळांना मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते आणि ताडोब्याचं गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतं. पावसाळ्यात बफरमधली काही प्रवेशद्वारं चालू राहतात, पण गाभ्यातला वाघ पाहायची आस असलेल्या पाहुण्याला नाताळच्या सुट्टीतच बोलवावं. डिसेंबरात माणिकगड किल्ल्याची चढणही सुसह्य असते. ताडोब्यातल्या गाडीचं आरक्षण करताना पाहुण्याच्या पासपोर्टचा क्रमांक लागतो, तो त्याच्याकडून वेळेत मागून घ्यावा. आणि परदेशी नागरिक घरी उतरला की २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करायची असते. हॉटेलांप्रमाणेच हा नियम आपल्यासारख्या घरांनाही लागू आहे, कोरपन्यातल्या घरालाही.